ओढ्यावरचे आठ टक्के

सिद्धे, तू फक्त ऐक. मधी बोलू नकोस, फोन उलटा ठेव, आणि "मग पुढं?" असं पण म्हणू नकोस, मी सांगतेच आहे. एका दमात सांगते, नाहीतर मला सांगायलाच जमणार नाही.

तुला माहितीय की, मी दीड वर्ष झालं त्या बांधकामाच्या ऑफिसात कंत्राटावर आहे. खेड्यातले बारके पूल, रस्ते, असल्यांचे प्रस्ताव आमच्याकडून वर जातात, ते कॉम्प्युटरवर मी भरते. तर मागल्या वर्षी त्या प्रस्तावाला एक नवीन तक्ता जोडला. 'हवामान बदल तपासणी'. म्हणजे पूल एकदा बांधला की चाळीस वर्षं राहणार, तर पुढच्या चाळीस वर्षांत पाऊस कसा असेल ते बघून मगच बांधा. मला लई भारी वाटलं. घरी येऊन अब्बूंना सांगितलं, तर ते रिक्षा पुसता पुसता म्हणले, "उद्याचा पाऊस तुम्हाला सांगता येत नाही, आणि तू दोन हजार पन्नासचा सांगणार?" मी म्हणलं, "उद्या तुम्हाला किती भाडी लागतील ते सांगता येतं का? नाही. पण गॅस महाग होत चाललाय ते सांगता येतं की नाही?" तर म्हणले, "ते तर मी न शिकता सांगतो." असू दे.

त्याच टायमाला आमच्याकडं चिकोंडी आली. मलावीची, आफ्रिकेतल्या. तिकडं एका जिल्ह्याच्या ऑफिसात ती प्लॅनिंगचंच काम करते, आणि सहा महिन्यांच्या अभ्यासाला सोलापुरात आलेली. का, तर त्यांच्याकडचा पाऊस पण आपल्यासारखाच लहरी, आणि हा हवामानाचा तक्ता त्यांच्याकडं आपल्याआधीच पोचला होता. आमच्या ऑफिसनं दुसऱ्याच दिवशी तिचं 'चिकू मॅडम' करून टाकलं. तिनं मला विचारलं, चिकू म्हणजे काय? मी मार्केटातनं किलोभर आणून दिले. त्यानंतर तिला कुणी चिकू म्हणलं की ती हात पुढं करायची, "मग दे." आणि उन्हाला 'लई हॉट' म्हणायची. तिला माझ्या टेबलाशेजारीच बसवलं होतं. तिचं इंग्लिश मला कळायचं, माझं तिला कळायचं, मधलं हातवाऱ्यांवर भागायचं.

आता मुद्द्यावर येते. बोरहट्टी. नाव ऐकलं नसशील तू, अक्कलकोटच्या पुढं, पार बॉर्डरला. गाव ओढ्याच्या अलीकडं, चाळीस घरांची वस्ती पलीकडं. वस्तीला दुसरा रस्ताच नाही. ओढ्याला पाणी आलं की बसा. पुलाची मागणी अकरा वर्षं जुनी, फाइल इतकी हाताळलेली की कोपरे गोल झालेत. जानेवारीत साहेबांबरोबर आम्ही दोघी जागा बघायला गेलो. गुरुराज साहेब, आमचे इंजिनिअर. माणूस वाईट नाही हां, हे आधीच सांगते, कारण पुढं तू त्यांना शिव्या घालशील.

वस्तीच्या तोंडालाच, ओढ्याच्या काठावर, भुवनेश्वरीचं घर आहे. पस्तिशीची असेल. नवरा पुण्याला कामाला, ही दोन पोरं आणि सासरा घेऊन हितं. सासरे म्हणजे शिवप्पा. दोन्ही किडन्या गेलेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी सोलापूरला डायलिसिस. पहाटे वडापची जीप गावात येते, ह्यांनी ओढा ओलांडून तिथवर जायचं, जीपमध्ये कोंबून घ्यायचं, हॉस्पिटलात चार तास सुई लावून पडायचं आणि परत. आणि त्याच्या आधीच्या पावसाळ्यात ओढा चढला तेव्हा तीन खेपा चुकल्या. चौथ्या खेपेला चार पोरांनी खाटेवर घालून छातीएवढ्या पाण्यातनं काढलं त्यांना. भुवनेश्वरी सांगत होती, "त्या दिवशी मामांचं तोंड हे एवढं सुजलेलं. डोळेच दिसंनात."

आणि शिवप्पा कसे, माहितीय का? दिवसाला तांब्याभरच पाणी प्यायची परवानगी. तरी मला कानडीत धाकटी बहीण करून म्हणले, "बा तंगी, ये, बस. चहा घे." स्वतःला घोटभर, आम्हाला कपभर. चिकोंडीच्या हाताकडं बघून म्हणले, "ही पोरगी शेतातली दिसती. हात बघ की." तिला मी सांगितलं तर ती म्हणली, "सांग त्यांना, माझी आई मका लावते." लई खूश झाले दोघं.

तर साहेबांचा पूल म्हणजे नळकांडी पूल. ओढ्यात सिमेंटच्या तीन जाड नळ्या आडव्या टाकायच्या, वर भराव, वर रस्ता. पाणी नळ्यांतनं जातं, माणसं वरनं. स्वस्त, तीन महिन्यांत होतो. चिकोंडी ओढ्यात उतरली. काठाला ह्या वेड्या बाभळी, आणि वरच्या शेतातनं वाहून आलेलं उसाचं पाचट पसरलेलं. ती तिथंच उभी राहिली. लई वेळ. मग मला म्हणली, "हे सगळं नळ्यांच्या तोंडाशी अडकणार. साधा पाऊस असेल तर निघून जाईल. मोठा आला तर पूल धरण होईल. आणि पाणी मागं कुठं चढेल, बघ."

मी बघितलं. मागं भुवनेश्वरीचं घर होतं. वरच्या अंगाला, काठालाच.

परत येताना गाडीत तिनं मला तिची गोष्ट सांगितली. त्यांच्या जिल्ह्यात पण असाच एक पूल. हवामानाचा रिपोर्ट हा एवढा जाडजूड आलेला, राजधानीतनं. आणि तक्त्यात रकाना एवढासा. रिपोर्टात काहीजण म्हणत होते पाऊस वाढणार, काहीजण म्हणत होते घटणार, तर सरासरी काढली. आली जवळजवळ शून्य. म्हणजे 'बदल नाही'. पूल झाला. दुसऱ्या वर्षी एकाच दिवसात असा पाऊस आला की पुलामागं पाणी तुंबलं आणि काठावरच्या अकरा घरांतनं गेलं. मी म्हणलं, "कुणी भरला होता तो तक्ता?" ती खिडकीतनं बाहेर बघत म्हणली, "मीच."

साहेब पुढं बसले होते. त्यांनी ऐकलं असणार.

आता तू म्हणशील, मग तू नको ना भरू तसा. अगं ऐक तर! मी काय केलं, आठ मॉडेलं घेतली. मॉडेलं म्हणजे वेगवेगळ्या शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर मांडलेले वेगवेगळे हिशोब. बोरहट्टीच्या भागात एका दिवसात पडणारा मोठ्यातला मोठा पाऊस दोन हजार पन्नासपर्यंत किती बदलणार? पाच म्हणाली वाढणार, त्यातलं एक तर पंचेचाळीस टक्के. तीन म्हणाली घटणार, वीस टक्क्यांपर्यंत. सरासरी काढली तर आठ टक्के. आणि आमच्या तक्त्याचा नियम असा की दहाच्या आत आकडा असला की रकाना हिरवा होतो, आपोआप शब्द उमटतात, 'डिझाइनमध्ये बदल आवश्यक नाही'. दहाच्या वर गेलं की लाल. लाल म्हणजे फेरप्रस्ताव. उंच पूल, मोठं तोंड, दुप्पट खर्च, आणि फाइल परत पहिल्या टेबलावर.

आठ टक्के म्हणणारं एकही मॉडेल नव्हतं, सिद्धे. आठात एक पण नाही! कुणीच न बोललेला आकडा मी लिहायचा.

मी चिकोंडीला विचारलं, सांग की काय करू? तर ती म्हणली, "मी काय केलं तेवढं मी सांगू शकते. आणि एक चूक सांगते. मी तेव्हा त्या काठावरच्या बाईला विचारलंच नव्हतं. तू विचार."

मग मी आणि ती, फेब्रुवारीतला रविवार, एसटीनं परत बोरहट्टीला. भुवनेश्वरी ज्वारीची कणसं झोडत होती. मी तिला बसवलं, कागद काढला, आठ रेघा काढल्या, सगळं समजावलं. अर्धा तास! तिनं शांत ऐकलं आणि म्हणली, "म्याडम, पाऊस वाढणार का कमी हुणार, येवढंच सांगा."

"पाच जण म्हणतात वाढणार, तीन म्हणतात कमी होणार."

"मंजी हाय तसाच ऱ्हाणार की!"

चिकोंडीनं विचारलं, काय म्हणली? मी सांगितलं. ती जी हसायला लागली, दगडावरच बसली. म्हणली, "आमच्या गावप्रमुखानं पण शब्दाला शब्द हेच!" भुवनेश्वरीला वाटलं आपलं उत्तर बरोबर आलं, ती पण हसली.

मी म्हणलं, "तसं नाही ओ ताई. समजा पाच जण म्हणले, ह्या बोळातनं उधळलेला बैल येणार, आणि तीन जण म्हणले, बोळ मोकळाय. तर काय अर्धा बैल येईल का?"

ती थांबली. कणीस हातातच. म्हणली, "आला तर अख्खाच यील."

"हां! आणि आला, तर ह्या नळ्या तुंबणार आणि पाणी तुमच्या घरात येणार."

"कदी?"

"ते सांगता येत नाही. पुढल्या वर्षी पण येईल, वीस वर्षांनी पण येईल."

"आन तुमचा त्यो उंच पूल कदी हुणार?"

मी साहेबांना विचारून आले होते. फेरप्रस्ताव म्हणजे चार वर्षं, नशीब असलं तर तीन. तेवढं मी सांगितलं.

तिनं आत बघितलं. शिवप्पा भिंतीला टेकून बसले होते, हाताची पट्टी सोडवत. आदल्याच्या आदल्या दिवशी शुक्रवार झालेला. मग ती हळू आवाजात म्हणली, "म्याडम, तुमचा पाऊस कदी यील त्ये तुमालाच ठावं न्हाय. मामांचा मंगळवार मातर दर हप्त्याला येतो. घरात पानी आलं तर पोरं घिऊन माळावर पळीन मी. मामांचं रगत साफ कराय मला पळून जमत न्हाय. हाय त्यो पूल बांधा."

आणि ती परत कणसं झोडायला लागली. तू बोल. नाही, बोलू नकोस.

एसटीत चिकोंडी एवढंच म्हणली, "निदान हिला माहितीय." मी ते धरून बसले. हिला माहितीय. हिनं समजून निवडलंय. मोठा पाऊस आला तर ती पळणार आहे.

मग आला मार्च एंड. तुला काय सांगू, एकतीस मार्चला आमचं ऑफिस म्हणजे लग्नघर, कुणी जेवत नाही, प्रिंटर तापलेला, पाच वाजता पोर्टल बंद, आणि बंद म्हणजे त्या वर्षीचा निधी गेला. दुपारी चारला बोरहट्टीच्या तक्त्यात एकच रकाना रिकामा. माझा. मी आधी लिहिलं, 'उणे वीस ते अधिक पंचेचाळीस'. घेतलं नाही. 'कृपया एकच संख्या लिहा'. मी पंचेचाळीस टाकलं, सगळी ओळ लाल झाली. खोडलं. साहेब मागं येऊन उभे.

"समरा, सरासरी टाक."

"सर, सरासरी इथं चालत नाही. तुम्हाला पण माहितीय."

"माहितीय. चिकू मॅडमनी गाडीत सांगितलं ते पण ऐकलंय मी. पण पोरी, अकरा वर्षं हा पूल कागदावर आहे. माझ्याआधी तीन इंजिनिअर रिटायर झाले ह्या फाइलवर. लाल झाली की मी पण रिटायर होईन, आणि त्या म्हाताऱ्याला परत खाटेवर नेतील."

"मग निदान भराव थोडा खाली ठेवू, सर. पाणी जास्त झालं तर रस्त्यावरनं जाऊ दे, मागं तुंबायला नको."

"चांगलं सुचलंय. शेऱ्यात लिही."

शेऱ्याच्या रकान्यात शंभर अक्षरं बसतात. मी मोजून शंभर लिहिली. नळ्या तुंबतील, भराव खाली ठेवा, वरच्या घरांना धोका. आणि मुख्य रकान्यात आठ. हिरवं झालं. पावणेपाचला फाइल गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी भजी आणली. मी पण खाल्ली.

चिकोंडी मे महिन्यात गेली. जाताना मला मिठी मारली. पावसाळा आला, शिवप्पांच्या परत दोन खेपा चुकल्या, भुवनेश्वरीचा मला फोन, "म्याडम, पूल कुटवर आला?" मी रोज वरच्या ऑफिसला फोन करायचे, आणि खरं सांगते, तेव्हा मला आठ टक्क्यांचं काहीच वाटत नव्हतं, उलट वाटायचं बरं झालं लिहिलं. सप्टेंबरात मंजुरीचं पत्र आलं. मी सगळं वाचलं. माझा शेराच नव्हता त्यात. शोधलं, विचारलं. तर कळलं, शेऱ्याचा रकाना प्रिंटमध्ये येतच नाही. फक्त आत राहतो. कॉम्प्युटरात. ठेकेदाराला गेलेल्या नकाशात भराव होता तसा, उंच. साहेबांना सांगितलं. ते पत्र परत वाचून म्हणले, "आता बदल सुचवला तर काम थांबतं. दोन वर्षांनी देखभालीत बघू."

आता खरं ऐक. हे गेल्या गुरुवारचं.

बोरहट्टीला नारळ फोडायचा कार्यक्रम. भुवनेश्वरीनं तीनदा फोन करून बोलावलं. नळ्या येऊन पडलेल्या, चुन्याच्या रेघा मारलेल्या, ठेकेदाराचा निळा बोर्ड लागलेला. शिवप्पांच्या हातानं नारळ फोडला. नीट फुटेना, हातात जोर कुठला, तर सगळे ओरडतायत, "आज्जा, मार की! मार!" तिसऱ्या दणक्याला फुटला. लई टाळ्या. माझ्या हातात खोबरं दिलं त्यांनी. म्हणले, "तंगी, आता मी खाटेवर जात न्हाय. पायानं जातो."

आणि मग भुवनेश्वरी माझा हात धरून म्हणली, "या म्याडम, दावते." मला घरामागं नेलं. घराच्या आणि ओढ्याच्या मधी जी जागा होती ना, तिथं पाया खणलेला. पायाचे दगड आलेले. मी म्हणलं, हे काय? तर म्हणली, "मामांना खोली. घरापास्नं चालत यायला त्यांना दम लागतो. हितनं पूल धा पावलांवर. मालकांनी पुण्याहून पैसं पाठिवलं."

धा पावलं, सिद्धे. पुलाच्या वरच्या अंगाला. पाणी आलं तर पहिलं जिथं येणार, तिथं. आणि ती पोरं घेऊन माळावर पळेल, पण दम लागणारा माणूस?

मी म्हणलं, "ताई, आपलं बोलणं झालं होतं ना? फेब्रुवारीत? मोठ्या पावसाचं?"

"व्हय की. त्या टायमाला तुमी लई भ्या दावलं व्हतं." हसली. "पर त्ये समदं मिटलं न्हवं आता? बोर्डावर लिवलंय की. मी पोराकडनं वाचून घेतलं."

मी बोर्डाजवळ गेले. कामाचं नाव, लांबी, ठेकेदार, आणि सगळ्यात खाली एक ओळ. 'सन २०५० पर्यंतच्या हवामान बदलाची तपासणी करून मंजूर.' हिरव्या रकान्यातनं आपोआप उतरलेली ओळ ती. माझा आकडा. जेव्हा काहीच लिहिलेलं नव्हतं तेव्हा तिला भीती होती, तिनं पळायची तयारी ठेवली होती. मी लिहिलं म्हणून तिची भीती गेली.

मी तोंड उघडलं होतं ग. खरंच उघडलं होतं. पण शिवप्पा तिथं त्या खणलेल्या पायाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले, आणि पोरांना दाखवत होते, खिडकी हिकडं पायजे, पुलाकडं, मंजी जीप आलेली दिसती. माझ्या तोंडात खोबरं होतं. मी ते चघळत राहिले. मग म्हणलं, "खोली जरा उंचावर, माळाच्या बाजूला घेतली तर?" ती म्हणली, "तितं आमची जनावरं." आणि कुणीतरी जेवायला हाक मारली.

घरी येऊन बोर्डाचा फोटो चिकोंडीला पाठवला. रात्रभर उत्तर नाही. सकाळी एक ओळ आली. "आमच्याकडं पण बोर्ड होता." बास. एवढंच.

आज सकाळी भुवनेश्वरीनं फोटो पाठवलाय. हा बघ. जोतं वर आलंय, दगडांची दुसरी ओळ. मी फोन हातात घेऊन बसलेय सकाळपासनं. सांगायचं तर काय सांगू? तो आकडा खोटा आहे म्हणून? ती विचारणार, मग लिहिला का? आणि बोर्ड खोटा निघाला तर गावातले काम थांबवतील, चौकशी लागेल, माझी नोकरी जाऊ दे, मसणात जाऊ दे, पण पूल परत अडकणार, आणि मंगळवार काय थांबतोय का? आणि नाही सांगितलं, तर म्हातारा त्या खिडकीजवळ झोपायला जाणार. पाऊस कदाचित येणार पण नाही. तीन मॉडेलं म्हणतायत की, नाही येणार. मी आता त्या तिघांच्याच नावानं दुवा मागतेय.

तू गप्प का बसलीस? आता बोल की. मार्चमध्ये त्या रकान्यात तू काय लिहिलं असतंस? नाही, ते पण सोड. गुरुवारी, तोंडात खोबरं असताना, तो म्हातारा खिडकी कुठं पाहिजे ते दाखवत असताना, माझ्या जागी तू असतीस तर तू काय केलं असतंस?